अर्ध्या दाढीवर सोडलेलं दुकान

त्याचं सलून छोटं होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आणि कायम घसरणाऱ्या टेकूवर ठेवलेला पंखा. हात हलका आणि जीभ त्याहून हलकी, त्यामुळे गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. लग्नानंतर बरीच वर्षं पाळणा हलला नव्हता. दोनदा आशा लागली आणि दोनदा विझली. म्हणून मुलगी झाली तेव्हा त्यानं आठवडाभर कुणाला गप्प बसू दिलं नाही. गालाला वस्तरा लावलेल्या माणसालाही तो मोबाईलवरचे फोटो दाखवायचा.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "थोडी कावीळ आहे. बहुतेक बाळांना होते. पण दूध नीट पीत नसेल, फार झोपत असेल तर लगेच घेऊन या."

त्यानं 'बहुतेक बाळांना होते' एवढंच ध्यानात ठेवलं.

त्याची आईही तेच म्हणाली. "तूसुद्धा हळदीसारखा पिवळा होतास. खिडकीत धर जरा कोवळ्या उन्हात." बाळ दिवसभर झोपायचं. शेजारीपाजारी म्हणायचे, किती गुणाची पोर, रडणं म्हणून नाही. तो फुशारून जायचा.

बायकोला मात्र चैन पडत नव्हतं. पोटाचे टाके सांभाळत ती बाळाचे तळवे चोळायची, कानाची पाळी चोळायची. बाळ दोन घोट घ्यायचं आणि पुन्हा मान टाकायचं.

"अहो, ही पीतच नाहीये," त्या सकाळी ती म्हणाली. "आपण आत्ताच जाऊन येऊ."

"सकाळची गर्दी उरकतो आणि येतो. दुपारी नक्की जाऊ," म्हणत त्यानं चपला घातल्या.

दुकानात पोस्टमास्तर बसले होते. एक गाल साफ झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. तेवढ्यात फोन वाजला. बायको रडत नव्हती, उलट फार सावकाश बोलत होती.

"तिचं रडणं वेगळंच येतंय. चिरकं. आणि ती मागे वाकतेय हो, धनुष्यासारखी. पायसुद्धा पिवळे झालेत."

वस्तरा हातातून बेसिनमध्ये पडला. त्याला गल्ल्याची किल्ली सापडेना, शर्टाची बाही सापडेना. पोस्टमास्तरांनी गळ्यातला टॉवेल काढून फेस पुसला. "दुकान राहू दे. माझी गाडी बाहेर आहे. चल."

बायको आणि आई बाळाला घेऊन त्यांच्या आधीच दवाखान्यात पोचल्या होत्या. बाळाला उघडं करून निळ्या दिव्यांखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर कापडाची पट्टी. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळत नाही, त्यामुळे बाळाच्या रक्तातल्या पेशी फुटतायत. कावीळ फार चढलीय, मेंदूपर्यंत पोचायला लागलीय. नुसत्या दिव्यांनी भागणार नाही. रक्त बदलावं लागेल."

"बदलायचं म्हणजे?"

"तिचं थोडं थोडं काढायचं आणि दुसरं थोडं थोडं द्यायचं. तुमची सही लागेल. आणि रक्तपेढीतून रक्त आणावं लागेल, आत्ता."

त्यानं कागद न वाचताच सही केली आणि रक्ताची चिठ्ठी घेतली.

रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. आईच्या आणि बाळाच्या रक्ताच्या नळ्या खिशात घालून, त्यावर तळहात दाबून तो पोस्टमास्तरांच्या मागे बसला. सिग्नलला थांबलेली माणसं पोस्टमास्तरांच्या अर्ध्या दाढीकडे पाहून हसत होती. त्यांना त्याचं काही नव्हतं. ते हॉर्न दाबतच राहिले.

काउंटरवरच्या माणसानं नळ्या घेतल्या. "रक्त जुळवून बघायला वेळ लागेल. बसा."

"दादा, पाया पडतो तुमच्या. पोर जातेय माझी."

"घाईत चुकीचं रक्त दिलं तर आजच जाईल," तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी जागचा हलणार नाही. तुम्ही बसा."

तो बसला नाही. भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. दुपारी जाऊ, असं आपण म्हणालो होतो. दुपार अजून झालीसुद्धा नव्हती.

रक्ताची पिशवी ठेवलेला बर्फाचा डबा मांडीवर घेऊन तो परतला तेव्हा बायको बाकावर एका कुशीवर कलली होती. हातात वाटी होती. बाळाला जवळ घेता येत नव्हतं आणि पान्हा थांबत नव्हता, म्हणून ती दूध पिळून काढत होती. "लागेल तिला नंतर," एवढंच बोलली. तो तिच्या पायाशी बसला. ती त्याला रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

काचेपलीकडे डॉक्टरीणबाई बेंबीतल्या बारीक नळीतून रक्त ओढत होत्या, सोडत होत्या. त्याची आई तोंडाला पदर लावून म्हणत राहिली, "मीच म्हटलं ना, ऊन दाखव म्हणून. मीच म्हटलं." तिला गप्प करायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती.

कावीळ उतरली. पोर वाचली. दूध ओढायला लागली, मुठी आवळायला लागली, आणि बायको पहिल्यांदा हमसून रडली. पण पुढे कानांची तपासणी झाली तेव्हा कळलं, तिला फार कमी ऐकू येतं. यंत्र लावावं लागेल.

त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आम्ही आदल्या दिवशी आलो असतो तर?"

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "कदाचित कान वाचले असते. पण संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर आज ती तुमच्या कडेवर नसती. दोन्ही खरं आहे. मी खोटं नाही सांगणार."

रात्री बायकोच्या शेजारी बसून म्हणाला, "तू सांगत होतीस."

"हो," ती म्हणाली. "सांगत होते." आणि झोपलेल्या पोरीला उचलून तिनं त्याच्या मांडीवर दिलं.

सलून अजून चालतं. खुर्चीतल्या माणसाच्या घरी बाळ आलंय म्हटलं की त्याची कात्री थांबते. तो आधी अभिनंदन करत नाही. विचारतो, "पितं का नीट?" समोरचा अडखळला, तर त्याच्या मानेवरचं कापड सोडून त्याला अर्ध्या कटिंगवर उठवतो.