धूळ बसवायला नेलेला बंब

आग लागल्यावर बंब कुणाच्या हुकमाने हलतो? या एकाच प्रश्नाचे उत्तर मला शोधायचे होते. ते मला एका लग्नाच्या मांडवात मिळाले, आणि त्याच दुपारी एका जळत्या गोठ्यासमोर.

मांडव कातळावर होता. एप्रिल महिना. जांभ्याची लाल धूळ उडत होती आणि बागायतदाराच्या मुलाच्या लग्नाला मोठी माणसे येणार होती. बागायतदाराचा शब्द आमच्या नगरपरिषदेत चालत असे. म्हणून गावातला एकुलता एक बंब तिथे आणून उभा केला होता. मी गणवेशात होते, हातात बंबाचा होज, म्हणजे पाणी मारायची नळी. बागायतदार जवळ आले. त्यांनी माझे आडनाव विचारले, मग वाडी विचारली. माझे आजोबा त्यांच्याच घराण्याचे कूळ होते, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"कुळवाड्याची पोर ना तू? घरी शेणसडा घालतेसच. इथे पाण्याचा घाल. बाईच्या हातचा सडा बरा बसतो."

पाहुणे हसले. आमचे साहेबही हसले.

मी सडा घातला.

आमचे साहेब म्हणजे कोण, हे सांगायला हवे. आपल्या देशात अग्निशमन हा राज्यांचा विषय आहे. केंद्र सरकार सल्ला देते, निधी देते, आणि नागपूरला त्याचे एक महाविद्यालय आहे, तिथे अधिकारी घडतात. कायदा राज्य करते. प्रत्यक्ष बंब मात्र शहरात असतो, नगरपालिकेच्या दाराशी. खेड्यात बहुधा काहीच नसते. तिथे शहराचा बंब जातो, पाठवला तर. लहान नगरपरिषदेत अधिकाऱ्याची जागा रिकामी राहते आणि तिचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्या खात्यातल्या कुणाकडे तरी दिला जातो. आमचे साहेब करवसुलीतले होते. होज त्यांनी कधी हातात धरला नव्हता. मी डी.एड. झालेले, शिक्षकभरती निघेना म्हणून अग्निशामकाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून कंत्राटावर लागलेले. आमच्या अग्निशमन ठाण्यात आगीचे प्रशिक्षण घेतलेली मी एकटीच होते. हुकूम साहेबांचा होता.

प्रशिक्षणात आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती. उन्हात उभ्या असलेल्या बंबाच्या टाकीला तळहात लावावा. पाणी असते तिथवर पत्रा गार लागतो, त्याच्या वर तापलेला असतो. त्या दुपारी मी हात लावला. वरपासून चटका बसत गेला. गारवा मिळाला तो टाकीच्या तळाशी, जेमतेम वीतभर.

तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. आतल्या अंगाच्या एका वाडीत वणवा घरांपर्यंत पोचला होता. साहेब म्हणाले की ती वाडी आपल्या हद्दीत नाही. मी म्हटले, आग आहे. साहेबांनी माझ्याकडे नाही, बागायतदारांकडे पाहिले. बागायतदारांनी जमिनीकडे पाहिले.

"जाऊ द्या त्यांना," ते म्हणाले. "धूळ बसली आता."

मी टाकी भरून घेऊ द्या म्हणून विनवले. मांडवामागेच त्यांचे शेततळे होते. ते पाणी नव्या कलमांचे आहे, तळे आधीच तळाला गेले आहे, असे उत्तर मिळाले. शिव्या नाहीत, आवाज चढलेला नाही. आंब्याच्या रोपांना पाणी लागते, एवढेच.

बंब चालवणारे काका जुने, निवृत्तीला आलेले. वळणावळणाच्या रस्त्याने ते जीव तोडून गाडी हाणत होते. मी रडत होते.

"बाय, रडू नको गो," ते म्हणाले. "डोळं साफ ठेव. तितं लागतील."

वाडीत पोचलो तेव्हा पेंढा आणि गोठा पेटला होता. बापये बहुतेक मुंबईला कामावर. बायका घागरींनी पाणी मारत होत्या, आणि एप्रिलात विहिरीला पाणी ते किती. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली,

"माजी सून गुरां सोडवाया गेली. गुरां आली, ती नाय आली."

मी पाणी सुरू केले. ज्वाला दबली, वाट दिसू लागली. मग होज हातात सैल पडला. होजच्या तोंडातून नुसती हवा आली. तो आवाज मी कुणाला वर्णन करून सांगू शकत नाही. माझ्या झोपेत तो रोज असतो.

ती आम्हाला नंतर सापडली, खुंट्याशी. शेवटच्या वासराचे दावे तिने सोडलेले होते. वासरू अंगणात उभे होते. तिच्या मुठीत दाव्याचे टोक होते, आणि मूठ उघडत नव्हती.

टाकी भरलेली असती तर ती वाचली असती का? मला ठाऊक नाही. ठाऊक असल्याचे मी कधी सांगणार नाही. ठाऊक आहे ते इतकेच, की तिच्या वाट्याचे पाणी लग्नाच्या अंगणात सांडले होते. आणि ते माझ्या हातून सांडवून घेतले गेले होते.

त्यानंतर मी भांड्यांना हात लावते. पिंपाला, घागरीला, शेजाऱ्यांच्या टाकीला. गारवा कुठवर आहे ते बघते. आई विचारते, काय चाचपतेस? मी पुढच्या भांड्याकडे वळते. हात लावताना माझ्या बाजूला कुणीतरी उभे असते, मूठ मिटून.

पुढच्या उन्हाळ्यात पटांगणावर कुणाचा तरी सत्कार होता. साहेब स्वतः ठाण्यात आले. बंब काढा, म्हणाले. मी विचारले, "आग कुठे आहे?"

"आग नाही. धूळ आहे."

"मग बंब हलणार नाही."

"हे तू ठरवणार?"

"इथे शिकलेली मी एकटीच आहे. मीच ठरवणार."

साहेबांनी काकांकडे पाहिले. काकांनी गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी पटांगणावर धूळ उडाली. सत्कार झाला. कुणी मेले नाही.

माझे कंत्राट पुढे वाढवले गेले नाही. नागपूरच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेची तयारी मी करते आहे. अधिकारी होऊन मला त्याच खुर्चीत बसायचे आहे, जिथून हुकूम निघतो. तिथे बसल्यावर माझा पहिला हुकूम टाकी कायम भरलेली ठेवण्याचा असेल, आणि तो कुठल्याही मांडवातून बदलला जाणार नाही.

माझ्या सांगण्यावर विसंबू नका. भर दुपारी आपल्या गावच्या अग्निशमन ठाण्यात जा. हुकूम कोण देतो आणि तो कुठे शिकला, हे विचारा. आपल्या शेजारच्या वाडीला आग लागली तर कोण येणार, तेही विचारा. मग टाकीला तळहात लावा, वरून खाली. गारवा कुठे सुरू होतो, ते स्वतः तपासून बघा.