पडद्यावरचं ग्रीस
काल लिफ्टमध्ये शेजारणीच्या सायकलची चेन माझ्या कुर्त्याला घासली आणि ग्रीसच्या वासाबरोबर जुईनगरच्या आमच्या पहिल्या घरातला पडदा आठवला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पांढऱ्या कापडावर बारीक निळी फुलं असलेला तो पडदा आईने हौसेने शिवला होता. बाबा तुर्भ्याला कंपनीत सायकलने जायचे, आणि बिल्डिंगखालून सायकली चोरीला जातात म्हणून रोज ती उचलून तिसऱ्या मजल्यावर आणायचे, हॉलमध्ये पडद्याजवळ उभी करायचे. दर रविवारी आई पडद्यावरच्या काळ्या डागांवर आधी खोबरेल चोळायची, ग्रीस सुटलं की भांड्यांच्या साबणाने घासायची आणि सगळा वेळ बडबडायची. एकदा डाग निघेचना, तेव्हा ती भडकली, "हा पडदा आहे की गॅरेजचं फडकं? उद्यापासून सायकल खालीच ठेवा." बाबा "बरं" म्हणाले. आठवड्याच्या आत सायकल गेली. त्यानंतर बाबा कितीतरी दिवस पहाटे उठून तुर्भ्यापर्यंत चालत गेले, आईला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे त्यांनी एक जुनी सायकल आणली आणि मुकाट्याने खाली कुलूप लावून ठेवली. त्या संध्याकाळी आई किल्ली घेऊन, पदर खोचून खाली गेली, धापा टाकत सायकल वर घेऊन आली आणि स्वतःच पडद्याला टेकवली. रविवारी तिने डागावर खोबरेल चोळलं, पण बडबड काही ऐकू आली नाही. काल शेजारीण सारखी सॉरी म्हणत होती, उद्यापासून सायकल खालीच ठेवते म्हणाली. मी म्हटलं, "अजिबात नको, वरच आण."