खंडेनवमीचा गजरा

खंडेनवमीच्या सकाळी देवघरातला हळदकुंकवाचा करंडा दिसेना. मी माळायला ठेवलेला मोगऱ्याचा गजराही गायब! आमचे हे तर धुतलेला शर्ट घालून केव्हाच बाहेर पडले होते. "हापिसात पूजा आहे," म्हणाले. अहो, हापिसातली पूजा आदल्या दिवशीच झाली होती, प्रसादाचे चुरमुरे अजून डब्यात होते. मी काय दूधखुळी आहे?

त्यात शेजारच्या अक्कांनी तेल ओतलं. "रविवारीसुद्धा यशवंतपूरला त्या बंद कारखान्यात जाताना दिसतात हो!"

माझं डोकंच फिरलं. तिथल्या लेथ मशीनवर ह्यांची दोन बोटं गेली होती. पुन्हा तिथं पाऊल टाकणार नाही, अशी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती ह्यांनी. कारखाना बंद पडला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. आता त्या ओसाड जागेत कोण भेटते ह्यांना?

भावाचा बॉक्स कॅमेरा उचलला आणि निघाले. पुरावाच हवा होता मला, पुरुष तोंडानं थोडंच कबूल करतात.

"फोटो काढायचेत, साहेबांनी सांगितलंय," राखणदाराला मी ठोकून दिलं.

"सरी अक्का," असं कानडीत 'बरं' म्हणून तो पुन्हा विडी ओढायला बसला.

त्याला खरं वाटावं म्हणून आधी गंजलेल्या फाटकाचा एक फोटो काढला. आत फुटक्या काचांतून ऊन येत होतं, छताखालचे मशीन फिरवायचे पट्टे तुटून लोंबत होते. धुळीत चपलांचे ताजे ठसे. ह्यांचेच! त्यांचाही फोटो काढला. पुढे गेले तर मोगऱ्याचा वास. माझ्या मोगऱ्याचा! सापडली भवानी, म्हटलं, आणि कॅमेरा धरूनच खांबाआडून पुढे झाले.

दुसरं कुणीच नव्हतं. हे उकिडवे बसून एक मशीन तेलाच्या फडक्यानं पुसत होते. तिला हळदकुंकू लावलेलं, वर माझा गजरा.

क्षणभर हायसं वाटलं. मग लक्षात आलं. "हीच ना ती?"

ह्यांनी मान हलवली.

"बोटं खाल्ली तिनं तुमची! आणि तिला माझा गजरा?"

"चूक माझी होती गं, तिची नव्हती," हे म्हणाले. "दसरा झाला की भंगारात जायचीय." मग माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघून, गळ घालताना नेहमी करतात तसं कानडी मिसळून हळूच म्हणाले, "स्वल्प एक फोटो काढतेस?"

इतका राग आला, इतकं रडू आलं, काय सांगू. पण फोटो काढला मी. ह्यांना मात्र तिच्या शेजारी उभं राहू दिलं नाही.