झेंडा उतरवायची रीत

लिनवुड गॅस्किन्स वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये, अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीत, सगळ्यांच्या वर बसतो. म्हणजे खरोखर वर, छतावर. घुमटाच्या पायथ्याशी, रस्त्यावरून सहसा कुणाच्या नजरेत भरणार नाहीत अशा तीन बुटक्या काठ्या उभ्या आहेत. त्यांच्यावर तो एकतीस वर्षं झेंडे चढवतोय आणि उतरवतोय. तीन काठ्यांवर तीन माणसं, दिवसाला तीनशे झेंडे. चढवला, फडकला न फडकला, उतरवला, घडी घातली, खोक्यात टाकला, की पुढचा. उजवा खांदा आता प्रत्येक दोरीला कुरकुरतो. म्हणून एक जानेवारीपासून निवृत्ती, असा अर्ज त्याने भरून दिला होता. मासेमारीच्या काठ्यांना तेलही घालून ठेवलं होतं.

कुणालाही कॅपिटलवर फडकलेला झेंडा घरी हवासा वाटला की तो आपल्या खासदाराला कळवतो, आणि झेंडा प्रमाणपत्रासकट घरपोच येतो. खोक्यावर चिठ्ठी असते, कुठल्या खासदारातर्फे आणि कशासाठी. कुणाच्या आजोबांची नव्वदी, कुणाच्या दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन. लिनवुड राजकारण शिकला ते या चिठ्ठ्यांवरून. खालच्या सभागृहात चारशे पस्तीस खासदार, आणि दर दोन वर्षांनी त्यांना मतदारांच्या दारात जावं लागतं. निवडणुकीचं वर्ष आलं की खोकी दुप्पट होतात. तेव्हा साहेबांना आजोबांची फार आठवण येते.

यातले एक साहेब डेल हॉकनबरी, दोन हजार मैलांवरच्या गव्हाच्या मुलखातले. पूर्वी त्यांच्या चिठ्ठ्या एका कॉलेजच्या गावातूनही यायच्या. ते गाव त्यांना मतं देत नसे. मग राज्याने मतदारसंघांचा नकाशा नव्याने काढला, त्यात त्या गावाचे तीन तुकडे करून तीन बाजूंना वाटून टाकले, आणि तेव्हापासून हॉकनबरींच्या विरोधात नाव घेण्यासारखं कुणी उभंच राहिलं नाही. लिनवुडला हे वर्तमानपत्र न वाचता कळलं. चिठ्ठ्यांवरून त्या गावाचं नाव गेलं.

आणि हा लिनवुड स्वतः जन्मापासून वॉशिंग्टनचा. या शहरात सात लाख माणसं राहतात, कर भरतात, लढाईवर जातात, आणि सभागृहात त्यांचा एक प्रतिनिधी बसतो. त्याने बोलावं, समित्यांवर काम करावं. कायदा मंजूर करायची वेळ आली की मात्र त्याला मत नाही. मधल्या काळात म्हणे काही बाबतींत त्याला मत द्यायची मुभा दिली होती, पण अट अशी की त्या मतामुळे निकाल बदलत असेल तर ते वगळून पुन्हा मतदान घ्यायचं. लिनवुडने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती.

बायको व्हर्नेल. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, पाय अधू, चाकाची खुर्ची. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. शहराची एक गाडी दारात येते, खुर्चीसकट तिला उचलून आत घेते, केंद्रावर सोडते आणि परत आणते. ही गाडी आहे म्हणून व्हर्नेल आहे. लिनवुडच्या जुन्या मोटारीत खुर्ची मावत नाही, आणि व्हर्नेलला उचलून बसवायचं तर त्या खांद्याचं काम नव्हे.

ऑगस्टमध्ये हॉकनबरींनी शहराच्या बजेटात एक ओळ घातली. शहराने आपला पैसा आपल्या माणसांवर खर्च करायचा तरी कागद कॅपिटलमधून पुढे जावा लागतो. तर ओळ अशी, की एक ऑक्टोबरपासून असल्या गाड्यांवर पैसा खर्च करू नये. त्यांनी ती गाडी आयुष्यात पाहिली नव्हती. पण प्रचाराच्या पत्रकात 'राजधानीतली उधळपट्टी थांबवली' असं छापता येतं, आणि गाडीत बसणाऱ्यांपैकी एकालाही त्यांना पाडता येत नाही. इतकं स्वस्त पुण्य कोण सोडेल?

लिनवुड जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या कार्यालयात गेला. टेबलामागच्या मुलीने गोड हसून विचारलं, "सर, तुमचा झिप कोड?"

त्याने सांगितला. तिने तो टाइप करून पाहिला.

"हा इथलाच आहे सर. तुम्ही आमचे मतदार नाही."

"नाहीच. पण माझ्या बायकोची गाडी तुमचे साहेब बंद करतायत."

"त्यासाठी तुमच्या खासदारांशी बोलावं लागेल."

"आमच्या माणसाला मत नाही, पोरी."

"अच्छा." तिने समोरचा छोट्या पाकिटांचा वाडगा पुढे सरकवला. "सूर्यफुलाच्या बिया घ्या ना. आमच्या राज्यातल्या आहेत."

"तुमच्या साहेबांचे दोन हजार झेंडे चढवलेत मी."

"थँक यू सर. झेंडा हवा असेल तर फॉर्म तिकडे आहे."

घरी आल्यावर त्याने बियांचं पाकीट टेबलावर ठेवलं. व्हर्नेलने ते उलटून वाचलं. "खारवलेल्या आहेत. मला मीठ बंद आहे हे काय त्यांना माहीत असणार," ती म्हणाली. "तू पहाटेच छतावर जाणार. मग मी काय, झेंड्याला लटकून जाऊ?"

"पलीकडे मेरीलँड राज्यात, माझ्या बहिणीकडे राहायला जाऊ. रस्ता ओलांडला की खासदार मिळतो."

"आणि या गाडीत माझ्यासोबत बसणाऱ्या दहा जणांनी काय करायचं? सगळ्यांनी तुझ्या बहिणीकडे राहायचं?"

लिनवुडला त्या रात्री भीती वाटली. एकतीस वर्षांत असा लाचार तो कधी झाला नव्हता.

सकाळी छतावरच्या खोलीत डबा अडकवताना त्याचा हात थांबला. ज्या खिळ्याला तो रोज डबा अडकवायचा, त्याच खिळ्यावर झेंड्याच्या कायद्याची चौकट होती. डब्यामागे झाकलेली ओळ त्याने वाचली. झेंडा झपाट्याने चढवावा आणि सन्मानाने, सावकाश उतरवावा. कायदा याच सभागृहाने केलेला.

पहिलं खोकं कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या दुकानाच्या पंचविशीचं होतं. लिनवुडने झेंडा झपाट्याने चढवला. उतरवायला वीस मिनिटं घेतली. वीत, वीत. दुसऱ्या दोन काठ्यांवरच्यांनी आधी टकामका पाहिलं, मग त्यांनीही हात आवरते घेतले. त्या दिवशी तिघांचे मिळून साठसुद्धा झाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लिनवुडचा वरिष्ठ टॉलिव्हर वर आला. जिन्यात खोकी छताला टेकली होती.

"गॅस्किन्स, खांदा दुखतोय का?"

"तो रोजच दुखतो." लिनवुडने चौकटीकडे हनुवटी केली. "इतकी वर्षं मी अर्धाच कायदा पाळला, टॉलिव्हर. लाज वाटली."

टॉलिव्हरने ओळ दोनदा वाचली. "सन्मानाने म्हणजे किती मिनिटं, ते इथे लिहिलेलं नाही."

"म्हणून तर मनाने करतोय. कमी सन्मानाने उतरव, असं लिहून दे. सहीनिशी. लगेच करतो."

टॉलिव्हर खाली गेला. त्याने वरच्याला विचारलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. सही कुणी करेना. सप्टेंबर अर्धा सरला आणि फोन सुरू झाले. आमच्या आजोबांचा झेंडा कुठाय? दोन वर्षं साधं बजेट एकमताने न करणारे दोन्ही पक्ष या एका प्रश्नावर एक झाले. कायद्यातला तो शब्दच काढून टाकू, असं कुणीतरी सुचवलं. पण झेंड्याचा मान कमी करायचं विधेयक मांडणार कोण? विरोधक महिनाभर टीव्हीवर तेच वाजवतील. सूचना तिथेच बारगळली.

फोन सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी हॉकनबरींचा मुख्य मदतनीस धापा टाकत जिना चढून आला. मतदारसंघातल्या जत्रांमध्ये वाटायचे साठ झेंडे अडकले होते. झिप कोड त्याने विचारला नाही.

"मिस्टर गॅस्किन्स, तुम्हाला हवंय काय?"

"पान चारशे बारा, सातवी ओळ. ती गेली की मला पुन्हा घाई होईल."

मदतनीस काठीला टेकून विचार करू लागला. "साहेबांना माघार घेता येणार नाही. पत्रकं छापून गेलीत. असं करू, अंतिम मसुदा सोळाशे पानांचा येईल, शेवटच्या घाईत. तो कुणी वाचत नाही. त्यातून ओळ गळेल. साहेब मात्र भाषणात म्हणतील की गाडी थांबवली."

"म्हणजे गाडी चालणार, आणि ती बंद केल्याचं श्रेयही साहेबांना."

"हो. तुमची काही हरकत?"

"गाडी वेळेवर येऊ दे."

जिन्यात पाय ठेवता ठेवता मदतनीस वळला. "हे वर्षापुरतंच बरं का. पुढच्या वर्षी बजेट नवं, ओळीही नव्या."

ओळ गळली. त्याच दुपारपर्यंत लिनवुड पुन्हा मिनिटाला एक झेंडा करू लागला. नोव्हेंबरात हॉकनबरी एकाहत्तर टक्के मतांनी निवडून आले. लिनवुडनेही रांगेत उभं राहून, मत नसलेल्या आपल्या प्रतिनिधीला मत दिलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्याने टॉलिव्हरकडून निवृत्तीचा अर्ज परत मागून घेतला.

"आणखी किती वर्षं?" टॉलिव्हरने विचारलं.

"हॉकनबरी उभे राहतील तितकी."

शनिवारी सकाळी तो मासेमारीच्या काठ्या तळघरात ठेवून वर आला. व्हर्नेल कोट घालून खुर्चीत तयार होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"सात लाखांच्या गावाला त्या इमारतीत कामाचा असा एकच माणूस मिळाला," ती म्हणाली, "आणि तोही छतावर."

लिनवुड हसला. तिने त्याला खाली वाकायला लावलं आणि उजव्या खांद्यावर हात ठेवला. खांदा कुरकुरला.

"टिकेल का रे हा?"

त्याला सदुसष्टावं लागलं होतं. बाहेर हॉर्न वाजला, तशी त्याने खुर्ची दाराकडे वळवली.