नागेशची झाकली मूठ

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात गाडी झटके देऊ लागली की लोक नागेशचं गॅरेज शोधत यायचे. गॅरेज काही त्याचं नव्हतं, तो तिथला पगारी मेकॅनिक. पण बाकीचे अंदाजाने प्लग बदलत बसायचे, आणि संगमेश्वरचा हा गडी काट्याचा जुना मीटर काढून दहा मिनिटांत दोष सांगायचा. तपासताना तो बॉनेटखाली असा ओणवा व्हायचा की शेजारच्याला तारसुद्धा दिसू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची! परदेशात हुन्नर दुसऱ्याला शिकवला की नोकरी गेली, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्या शहाणपणानेच त्याचा घात केला. लग्नानंतर नऊ वर्षांनी ममताला दिवस गेले होते. डॉक्टरांनी तारीख दिली, तशी नागेशने मालकाकडे रजा मागितली. मालकाला सगळे अरबाब म्हणत. अरबाबने चहा पाजला, पाठीवर हात ठेवला.

"हबीबी, तुम जाएगा तो सेन्सर कौन देखेगा? पहले किसी को सिखाओ, फिर जाओ."

पासपोर्ट अरबाबच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. नागेश चरफडला, पण धोंडा त्याने आपल्याच हाताने पायावर पाडून घेतला होता, शिव्या कुणाला घालणार? मग त्याने उपेंद्रला हाताशी धरलं. हा कराडचा, सहा वर्षं तिथेच पाने फिरवत होता. झटके देणारी एक गाडी घेऊन नागेशने त्याच्यापुढे सगळं उघडं केलं.

"इंजिन बंद, चावी ऑन. मीटरची काळी वायर बॉडीला, लाल थ्रॉटलच्या सेन्सरमधून येणाऱ्या या सिग्नलच्या तारेला. आता हाताने थ्रॉटल हळूहळू उघड आणि काट्यावर नजर ठेव."

काटा अर्ध्या व्होल्टवरून चढू लागला आणि मध्येच धपकन खाली आला.

"सेन्सरची आतली पट्टी इथे झिजलीय," उपेंद्र म्हणाला. "पण आधी वायर हलवून बघू, नाहीतर उगाच सेन्सरवर आळ."

वायरीचं तर नागेशने सांगितलंही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. पुढच्या चार दिवसांत उपेंद्रने तीन गाड्यांचे दोष अचूक काढले.

मग अरबाब आला. "क्या उपेंद्र, सीख गया?"

उपेंद्रने मान खाली घातली. "नहीं अरबाब. ये मेरे से नहीं होता. नागेशभाई का ही काम है."

"खलास. दूसरा आदमी मिलेगा तब देखेंगे," म्हणून अरबाब निघून गेला.

नागेशने उपेंद्रला कॉलरला धरूनच विचारलं, "खोटं का बोललास?"

"पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, दादा. ज्याला हे जमतं त्याला अरबाब सोडत नाही. तुमचं बघितलं ना मी."

नागेशचा हात आपोआप सैल पडला. राग मस्तकात गेला होता, पण उपेंद्रच्या जागी आपणही हेच केलं असतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

दुपारी ममताचा फोन आला. निघण्याचा दिवस ठरला का, तिने विचारलं.

"नाही जमत गं," नागेश म्हणाला. "माझ्यावाचून इथे अडतं."

ती म्हणाली, "इथेही अडतंय, अहो."