श्वास मोजायचा पंच

मी एसटीत कंडक्टर होतो आणि माझ्या ड्रायव्हरला, भाऊंना, स्टिअरिंगवर डुलकी लागायची. जिंतूर रस्त्यावर एकदा त्यांची मान कलताना पाहून मी घाबरून घंटीची दोरी ओढली. एक घंटी म्हणजे थांबा, म्हणून त्यांनी भर माळावर गाडी उभी केली आणि प्रवाशांनी माझाच उद्धार केला. डुलकीचं मी कुणालाच सांगितलं नाही. दहा वर्षांत एक अपघात नाही, असा माणूस. तक्रार झाली तर त्यांच्या हातून गाडी जाईल, याची धास्ती मला त्यांच्यापेक्षा जास्त होती.

मग विद्यापीठाच्या नामांतराच्या एका बंदला गाडी जिंतूर स्टँडात अडकली. भाऊ मागच्या लांब सीटवर उताणे झोपले. काचा थरथराव्यात असं घोरणं, आणि मग एकदम शांत. इतके दिवस मी म्हणायचो, लागली बाबा गाढ झोप! त्या दुपारी नीट पाहिलं. पोट वरखाली होत होतं, पण श्वासाचा आवाजच नव्हता. मग धडपडून एक घुसमटलेला श्वास.

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच परभणीला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "झोपेत यांचा घसा मिटतो. मोजायचं यंत्र इथं नाही. पण नळीबिळी न घालता तुम्हीच मोजा. नाकासमोर कापूस ठेवा. पोट हलतंय आणि कापूस हलत नाही, म्हणजे वाट बंद." श्वास सुधारेपर्यंत गाडी चालवायची नाही, असंही बजावलं. भाऊंनी निमूट रजा टाकली.

सकाळची फेरी संपली की मी त्यांच्या घरी. दुपारी ते झोपले की मानवतच्या बाजारातल्या कापसाचा एक तंतू त्यांच्या मिशीत अडकवायचा, एक हात पोटावर, दुसऱ्यात तिकिटाचा पंच. कापूस थांबला की रद्दी कागदाला एक भोक. पहिल्या दुपारी कागदाची चाळणी झाली!

ती पाहून डॉक्टरांनी कुशीवर झोपायला सांगितलं. वहिनींनी बनियनच्या पाठीला रबरी चेंडू शिवला, उताणं होताच टोचावा म्हणून. आणि काय सांगू, तो कापूस हलत राहिला, हलतच राहिला! मी आनंदानं ओरडलो. भाऊ दचकून उठले.

"काय झालं, मास्तर?"

"झोपा, झोपा! वाट उघडली!"

महिनाभरानं कागदावर दोनच भोकं होती. डॉक्टरांनी दोन्ही कागद उजेडासमोर धरले, हसले आणि म्हणाले, "चालवा आता गाडी." मला रस्त्यावर नाचावंसं वाटत होतं.

बाहेर आल्यावर भाऊंनी विचारलं, "मास्तर, मला डुलकी लागायलीय हे तुमाला कवापसून ठावं व्हतं?"

"दिवाळीपसून," मी खुशीतच सांगितलं. "तुमची गाडी जाईल म्हणून बोललो न्हाई."

"लय उपकार झाले. पर मागं बसलेल्या लोकायला इचारलं व्हतं का?"

त्या सगळ्यांना तिकिटं मीच दिली होती, एकेकाला, माझ्या हातानं.