भर दुपारची बॅटरी

माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बोटाएवढी एक बॅटरी असते. घरात तिच्यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. फोनमध्ये उजेड असताना वेगळी बॅटरी बाळगणं म्हणजे चालत्या पंख्याखाली बसून हातपंखा हलवणं, असं बायको म्हणते. म्हणो बापडी. मला फोनचा उजेड कधी पटलाच नाही. खाटेखालची चप्पल शोधायला फोन काढावा, तर त्यावर कुणाचा तरी शुभ सकाळचा गुलाब आलेला असतो. मग चप्पल राहते बाजूला आणि आपण गुलाबाला गुलाब पाठवत बसतो. बॅटरी बिचारी उजेडाशिवाय दुसरं काही देत नाही.

शिवाय आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बॅटरीची खरी गरज रात्री नसतेच, ती भर दुपारी लागते. मे महिन्यात सकाळचं आवरलं की बायको खिडक्यांना आतून गोधड्या लावते, दारावर ओलं पोतं सोडते, आणि बाहेर ऊन मी म्हणत असताना आमच्या दारव्ह्याच्या घरात काळोख होतो. चारच्या आत गोधडी हलवायची नाही, हा तिचा कायदा. मग कूलरच्या टाकीत पाणी किती उरलं ते पाहायला माझीच बॅटरी मागितली जाते. तेवढ्यापुरती थट्टा बंद असते.

अशाच एका मे महिन्यात आमच्या मुलीला पाहायला पुसदचे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मुलीनं मला बाजूला घेतलं.

"बाबा, मागच्या दोन्ही वेळेस मी खाली मान घालून बसली, अन् मले फक्त पोरायचे मोजे दिसले. यावेळी मले माणूस पाह्यचा हाय."

मी हो म्हणालो. मला ते मनापासून पटलं होतं. ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याचे मोजे पाहून होकार कसा द्यायचा?

पाहुणे दुपारी आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. सरबत झालं आणि लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, कोण कुठे बसलंय तेही दिसेना. मी उठून गोधडीला हात घातला, तर बायकोनं घसा खाकरला. तिचं एकवेळ समजू शकतो, पण मुलाच्या आईच म्हणाल्या की राहू द्या, आता उघडलं तर रात्रीपर्यंत घराची भट्टी होईल. त्यांच्याही घरी तोच कायदा असणार. विहिणी व्हायच्या आधीच दोघींचं एकमत झालं. हा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आहे, याची आठवण कुणालाच राहिली नव्हती. मुलाच्या वडिलांनी फोन काढला. मी त्यांना थांबवलं आणि ऐटीत खिशातून बॅटरी काढली. इतक्या वर्षांच्या थट्टेला आज परस्पर उत्तर मिळणार होतं.

मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मी तिला वाट दाखवली, पाहुण्यांना बशा दाखवल्या, लिंबाची फोड दाखवली. ती समोर बसली. आता उजेड तिच्या चेहऱ्यावर न्यायचा, तर माझा हातच वर जाईना. बाजारात गाठोडं सोडून कापूस दाखवतात, तसं पोटच्या पोरीला दाखवायचं? मी बॅटरी पोह्यांवरच धरून ठेवली. सगळे मुकाट्यानं पोह्यांकडे पाहत बसले. मुलाच्या वडिलांनी शेंगदाण्यांची तारीफही केली.

मुलीनं जरा वेळ वाट पाहिली. मग माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि झोत सरळ मुलाच्या तोंडावर मारला. घामानं डबडबलेला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस आणि मिशीत अडकलेला एक पोहा. ती सावकाश पाहत राहिली. बायकोनं अंधारात माझा दंड घट्ट धरला. गेली सोयरीक हातची, असं माझ्याही मनात आलं.

मुलानं तोंड फिरवलं नाही की हाताचा आडोसा केला नाही. मिशीतला पोहा तेवढा पुसला.

"पाहून झालं असंल त मले बी पाहू द्या," तो म्हणाला. "तुमच्या बाबानं आतापर्यंत मले फक्त पोहे दाखवले."

मला वाटलं, ती बॅटरी त्याच्याकडे देईल. तिनं दिली नाही. तिनं ती वळवली आणि मान वर करून आपल्याच हातानं आपल्या चेहऱ्यावर धरली. ती हसत होती. आता ही आपल्या घरून जाणार, हे मला त्या उजेडात लख्ख दिसलं.